पुलावरची म्हातारी

“हे तुम्ही घ्या, कोठावळे बाई,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि टेबलावरचं खोकं त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

खोक्यात काय आहे ते साऱ्या शाळेला ठाऊक होतं. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा विलायतेत नोकरीला होता. त्यानं आईच्या शाळेला कॉम्प्युटर पाठवला होता. आठ दिवस ते खोकं ऑफिसातल्या कपाटावर होतं, आणि येणारा-जाणारा मान वर करून त्याच्याकडे बघून घेत होता.

“मी?” मी म्हटलं. “घोंगडे सर आहेत की. गणिताचं यंत्र ते.”

घोंगडे सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी वळूनही बघितलं नाही. “माझ्याकडे दहावीचा निकाल आहे,” ते म्हणाले. “खेळण्यांना वेळ नाही.”

“आणि तुम्हाला मशीन चालवता येतं,” मोठ्या बाई मला म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करताहेत. मी शिवणाची शिक्षिका. मला येत होतं ते पायांनी चालवायचं मशीन. पण मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांना ते खोकं कुणाच्या तरी हवाली करायचं होतं, आणि नाही म्हणायची सवय नसलेली शाळेत मी एकटीच होते.

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. बार्शीच्या पुढं, छोट्या रेल्वेवरच्या गावात आमची मुलींची शाळा. शिवणाच्या बाईला शिक्षकांत मोजायचं की नाही हे कुणी तोंडानं बोलत नसे. पण शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची दाराला लागून होती, आणि कुणी रजेवर गेलं की त्याचा वर्ग माझ्या गळ्यात पडायचा. शिवाय मला इंग्रजी येत नव्हतं. येत होते ते तेवढे शिलाई मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेतले शब्द. बॉबिन, शटल, टेन्शन. तेही चित्रांवरून पाठ केलेले.

खोकं मी शिवणाच्या खोलीत नेलं. आत पाटीएवढं एक काळं यंत्र निघालं, त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. त्याला टीव्ही लागायचा, तो शाळेत होता. टेपरेकॉर्डर लागायचा, तो आमच्या घरी होता. ह्यांनी तो नाट्यगीतं ऐकायला हौसेनं घेतलेला.

“संध्याकाळी परत येईल ना?” ह्यांनी विचारलं.

“येईल की,” मी म्हटलं. तो पुढं पाच वर्षं आला नाही.

आठवीच्या सहा-सात मुली शाळा सुटल्यावर मदतीला थांबल्या. त्यांत पुढं पुढं दोघी. विजया माळी, जिचं तोंड झोपेतसुद्धा बंद होत नसेल, आणि हसीना तांबोळी, जी दिवसात चार वाक्यं बोलायची, पण ती चारही कामाची. खोक्यात तीन कॅसेटी होत्या. एक गणिताची, एक टायपिंगची. तिसरीच्या डबीवर घंटेचं रंगीत चित्र होतं. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डर असा काही किंचाळायचा, की पहिल्या दिवशी मोठ्या बाई ऑफिस सोडून धावत आल्या.

“कुणाला लागलं?” त्यांनी दारातूनच विचारलं.

गणिताची कॅसेट किंचाळून किंचाळून गप्प बसली. टायपिंगचीही तीच गत. तिसरी मात्र, आवाज बरोबर सहावर ठेवला तेव्हा, चालू झाली.

टीव्हीच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही एकेक शब्द लावत गेलो. एका गावाची घंटा कुणीतरी चोरून नेली आहे. घंटा नाही म्हणून गावाला वेळ कळत नाही, शाळा भरत नाही, भट्टीतले पाव करपतात. तू लहान मूल आहेस. घंटा शोधून आण. आत्ता तू स्वयंपाकघरात आहेस.

“बाई, आता काय करायचं?” विजयानं विचारलं.

वीस वर्षांच्या नोकरीत जे कधी वर्गात बोलले नव्हते ते माझ्या तोंडून गेलं. “मला माहीत नाही गं.”

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग हसीना हळूच म्हणाली, “बरं झालं. मग सगळ्याच सारख्या.”

त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर पडायलाच आम्हाला पाऊण तास लागला. ‘कृपया दार उघडून बाहेर जा’ असं इंग्रजीचं अख्खं वाक्य विजयानं जुळवलं, आणि यंत्र प्रत्येक वेळी म्हणालं, मला समजत नाही. शेवटी हसीनानं तिला बाजूला सरकवलं. “तार करतात तसं करू या,” ती म्हणाली. “शब्द कमी.” तिनं फक्त दोन शब्द टाइप केले, ‘ओपन डोअर’, आणि दार उघडलं. मग कळलं, याला दोनच शब्द कळतात. काय करायचं तो पहिला, कशाचं करायचं तो दुसरा. दार उघडल्यावर मुलींनी असा गलका केला की शेजारच्या खोलीत दहावीचा जादा तास घेणाऱ्या घोंगडे सरांनी डस्टर आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जंगलात शिरलो आणि हरवलो. कुठंही जा, पडद्यावर एकच वाक्य. तू जंगलात आहेस. उत्तरेला जा, तू जंगलात आहेस. पूर्वेला जा, तू जंगलात आहेस. एक तास फिरल्यावर विजया रडकुंडीला आली. “बाई, हे लबाड आहे. आपण जागचे हलतच नाही.”

मी आलेखाचे कागद काढले, भरतकामाचे नमुने ज्यावर काढतो ते. म्हटलं, एक चौकोन म्हणजे एक जागा. पाऊल टाकलं की खूण करायची. वाट मिळाली तर पुढच्या चौकोनात रेघ, अडलं तर फुली. टाके मोजत नमुना उतरवण्याची मुलींना सवय होतीच. तीन दिवसांत जंगल उलगडलं. सतरा जागा निघाल्या, आणि त्यांतून बाहेर पडायची वाट एकच.

तेव्हापासून हे रोजचं झालं. चारला शाळा सुटायची, सव्वाचारला मुली हजर. कुणी घरून शेंगदाणे आणायची, कुणी चुरमुरे. कागद फाटायला लागले तेव्हा हसीना म्हणाली, बाई, आपण हे मॅटीवर भरू या का? मॅटी म्हणजे फुलीच्या टाक्याचं जाड विणीचं कापड. त्यावर जंगल हिरव्या दोऱ्यानं, नदी निळ्या, घरं तांबड्या. पंधरा दिवसांत त्रेचाळीस जागा भरून झाल्या. त्रेचाळिसावी जागा पूल होती आणि तिथं आमचं घोडं अडलं.

पुलावर एक म्हातारी बसलेली होती. तिच्या हातात सुई आणि पायाशी दोऱ्याचं रीळ. तिच्याबद्दल एक शब्द होता, ‘स्क्विंट’. शब्दकोशात मिळालं, तिरळे पाहणे. म्हणजे म्हातारी तिरळी. ती सुईकडे तिरळं बघते आणि आपल्याला पलीकडे जाऊ देत नाही. विजयाचं मत पडलं की ती चेटकीण आहे आणि जवळ गेलं की सुई टोचणार. आम्ही तिला पाव दिला. म्हातारीनं खाल्ला आणि बसून राहिली. दोरा दिला, तर म्हणाली, माझ्याकडे आहे. सुई हिसकावून बघितली, तिनं सोडली नाही. तिला ढकललं, तेव्हा पडद्यावर उमटलं, तुला लाज वाटायला पाहिजे. सहा दिवस आम्ही त्या पुलावर उभ्या होतो.

सातव्या दिवशी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्यासमोर चिठ्ठी होती. संस्थेचे चेअरमन धारूरकर वकील यांची. त्यांच्या कानावर गेलं होतं की मुलींच्या शाळेत कॉम्प्युटरवर नुसते खेळ चालतात. मुलांच्या हायस्कुलात सायन्सचे नवीन सर आलेत, तिथं त्याचं चीज होईल. शनिवारी सकाळी ते स्वतः येऊन यंत्र हलवणार होते.

“कुणी घातलं कानावर ते विचारू नका,” मोठ्या बाई म्हणाल्या. विचारायची गरजही नव्हती. “पण मी त्यांना काय सांगू? मुली काय शिकल्या?”

मी खरं तेच सांगितलं. “मलाही नीट सांगता यायचं नाही, बाई. पण मुली घरी जायचं नाव घेत नाहीत.”

“ते मी चेअरमनना कसं सांगू?” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही शनिवारी यंत्र लावून ठेवा. नेण्याआधी बघा तरी, एवढं मी म्हणेन.”

मुलींना सांगितलं तेव्हा विजयानं हातातले शेंगदाणे परत पिशवीत टाकले. हसीनानं मॅटीची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. “पुलापलीकडचं राहिलंच,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळची शाळा. साडेनऊला धारूरकर वकील आले. उंच, सडपातळ माणूस, काळा कोट हातावर टाकलेला. अकराला त्यांना कोर्टात उभं राहायचं होतं. फाटकाबाहेर त्यांनी हातगाडी उभी केली होती, आणि हातगाडीवाला दोरी खांद्यावर घेऊन व्हरांड्यातच येऊन बसला. घोंगडे सर मागोमाग आले.

“हं, दाखवा काय ते,” वकील म्हणाले. “पाच मिनिटं.”

कॅसेट लावली. ती किंचाळली, किंचाळत राहिली आणि चार मिनिटांनी पडद्यावर काहीच नाही. घोंगडे सर खाकरले. हसीनानं कॅसेट मागं फिरवली, आवाजाचं बटण साडेपाचवर सरकलेलं होतं ते सहावर आणलं आणि पुन्हा चालू केलं. आता आणखी चार मिनिटं. वकिलांनी दोनदा घड्याळ बघितलं. तेवढ्यात अक्षरं उमटली.

वकिलांनी ती एका दमात वाचली. आम्ही ज्यावर अख्खी संध्याकाळ घालवली होती ते त्यांनी वर्तमानपत्रासारखं वाचलं. “घंटा शोधायची? सोपं आहे. मुली, दार उघड.”

हसीनानं दार उघडलं.

“आता उत्तरेला. पाव उचल. पुढं चल.” त्यांना मजा वाटायला लागलेली दिसत होती. खुर्ची त्यांनी जरा पुढं ओढली. “आता जंगलात शीर.”

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

दहा मिनिटं वकील जंगलात फिरले. उत्तर, पूर्व, दक्षिण, पुन्हा उत्तर. “हे काय चाललंय?” ते म्हणाले. “मघाशी इथंच होतो ना आपण? की नव्हतो?”

“नव्हतो, साहेब,” हसीना म्हणाली. “आपण इथं आहोत.” आणि तिनं त्यांच्या मांडीवर मॅटी पसरली.

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हे कुणी भरलं?”

“आम्ही,” विजयाला आता राहवेना. “एक टाका म्हणजे एक पाऊल. हे हिरवं जंगल. तुम्ही या फुलीपाशी आहात. तीन टाके खाली, मग दोन डावीकडे, मग तिथून वर यायचं, खाली गेलात तर परत पहिल्यापासून.”

वकील बोट ठेवून टाके मोजायला लागले. मोजताना त्यांचे ओठ हलत होते. घोंगडे सर म्हणाले, “साहेब, हायस्कुलातले सर वाट बघत असतील.” वकिलांनी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं. आकडा चुकेल म्हणून.

अशा रीतीनं ते पुलावर पोचले आणि म्हातारीनं त्यांनाही अडवलं.

“ही फार वाईट आहे, साहेब,” विजया म्हणाली. “तिरळी आहे आणि सुई टोचते.”

“तिरळी?” वकिलांनी पडद्यावरचं वाक्य वाचलं आणि मोठ्यानं हसले. “कुणी सांगितलं तिरळी? अगं, डोळे बारीक करून बघतेय ती. सुईकडे. म्हणजे नीट दिसत नाहीये तिला.”

मी मागं उभी होते. पंचेचाळिशी उलटली होती माझी. गेलं वर्षभर मीच सुई उजेडाकडे धरून, डोळे बारीक करकरून दमत होते. आणि चष्मा घ्यायची लाज वाटते म्हणून वर्गात कुणाला तरी सहज म्हणायचे, हे जरा कर गं.

“टोचत नाही ती,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “तिला सुई ओवता येत नाहीये. ओवून द्या तिला!”

खोलीत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“बरोबर!” वकील म्हणाले. “अगदी बरोबर. टाइप कर मुली—” आणि ते थांबले. “ओवणे. ओवणे म्हणजे... ‘पुट’? नाही. ‘इन्सर्ट’?”

हसीनानं ‘पुट थ्रेड’ टाइप केलं. यंत्र म्हणालं, मला समजत नाही. ‘इन्सर्ट थ्रेड’. समजत नाही. आमचा शब्दकोश इंग्रजीवरून मराठीचा, उलटा शोधायची सोय नाही. “चौतीस वर्षं वकिली करतोय इंग्रजीत,” धारूरकर कपाळ चोळत म्हणाले, “सुईशी कधी संबंधच आला नाही.”

माझ्या डोळ्यांपुढं मशीनची पुस्तिका आली. पान चार. बाईचा हात, सुईचं नाक, दोऱ्याचा बाण, आणि वरती ठळक अक्षरांत सुई ओवायला सांगणारं ते इंग्रजी वाक्य. वीस वर्षांत शंभरदा बघितलेलं.

“सरक गं,” मी हसीनाला म्हटलं. मी त्या यंत्राच्या बटणांना तोवर कधी हात लावला नव्हता. बिघडलं तर काय, या भीतीनं सगळं मुलींकडून करून घेत होते. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, मी लिहिलं, ‘थ्रेड नीडल’.

क्षणभर काहीच झालं नाही. मग अक्षरं उमटली. वकिलांनी ती मोठ्यानं वाचली. म्हातारी हसली. देव तुझं भलं करो बाळ, ती म्हणाली, आणि तिनं आपलं बस्तान उचलून वाट मोकळी केली.

पुढं जे झालं त्याला गोंगाट हाच शब्द. विजया बाकावर चढली. हसीना, जी कधी मोठ्यानं हसायची नाही, तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. मोठ्या बाई दारात टाळ्या वाजवत होत्या. आणि चेअरमनसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला, कोर्टात करतात तसा, वाकून.

गलक्यानं हातगाडीवाला दोरी घेऊन आत आला. “न्यायचं का साहेब?”

“काय न्यायचं?” वकील म्हणाले. “अरे, आत्ता कुठं पूल ओलांडलाय. तू असं कर, कोर्टात जा आणि आमच्या कारकुनाला सांग, साहेबांना उशीर होईल.”

“साहेब, पण हायस्कूल...” घोंगडे सरांनी सुरुवात केली.

“घोंगडे सर,” वकील पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “या मुलींनी काम अर्धं केलंय. अर्ध्यात यंत्र काढून नेणं न्यायाचं नाही. घंटा सापडेपर्यंत ते इथंच राहील. हा माझा शब्द.”

सोमवारी आम्ही पुलापलीकडचं कापड जोडलं. टेकडी, पडकं देऊळ, उंच मनोरा, विहीर. मंगळवारी संध्याकाळी हसीनानं विहिरीत दोर सोडला आणि घंटा वर आली. टीव्हीतून टणटण आवाज यायला लागला. विजयानं झडप घालून टीव्हीचा आवाज बंद केला.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

“बाई,” विजया कुजबुजली, “सांगायचं?”

“काय सांगायचं?” मी म्हटलं.

एकेकीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्या वर्षी आमच्या खोलीत सातवीच्या मुली आल्या, पुढच्या वर्षी सहावीच्या. टायपिंगची कॅसेटही एक दिवस चालू झाली. हसीना धाकट्यांना टाके मोजायला शिकवायची. वकीलसाहेब शनिवारी कोर्टाआधी डोकवायचे. “काय बाई, सापडली?” “कुठली साहेब, शोधतोय.” मग ते खुर्ची ओढून बसायचे आणि आम्ही त्यांना मनोऱ्यावर चढू द्यायचो. प्रत्येक शनिवारी ते मनोऱ्याच्या पायऱ्या चढायचे, वर काही नाही म्हणून हळहळायचे आणि कोट उचलून निघून जायचे. मला त्यांची दया यायची, आणि थोडी लाजही वाटायची. यंत्र कायमचं बंद पडेपर्यंत, म्हणजे चांगली पाच वर्षं, हे चाललं.

दोन हजार साली मी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला वकीलसाहेब काठी टेकत आले होते. भाषणात ते चार शब्द बोलले, नेहमीचेच. नंतर चहा घेताना मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, आता नोकरी संपली, मनावरचं ओझं उतरवून टाकावं.

“साहेब, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली,” मी म्हटलं. “ती घंटा...”

“विहिरीत होती,” ते म्हणाले.

मी बशी खाली ठेवली. “तुम्हाला कधी कळलं?”

“दुसऱ्याच शनिवारी. तुम्ही सगळ्या प्रार्थनेला गेला होता आणि मी एकटा होतो. सहज दोर सोडला.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “ती वाजायला लागली तेव्हा असा घाबरलो म्हणता! सगळं यंत्रच बंद करून टाकलं. वाटलं, मुलींनी ऐकलं की संपलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून कसं चाललं असतं, बाई?” धारूरकर वकील म्हणाले. “मला शब्द पाळावा लागला असता.”